कोरडवाहू फळबागेतील ओलाव्याचा ताळेबंद : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात. पाऊस पडतो, शेततळे भरते, ठिबक चालते, तरी बाग नेमक्या महत्त्वाच्या वेळी पाण्यावाचून अडते. सोलापूर, सांगली, सातारा, बीड, जालना आणि नाशिक या जिल्ह्यांतून आलेली सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सांगोला तालुक्यात मुरमाड रानावर आमची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. लागवड साडेचार बाय तीन मीटरवर असून झाडे सहा वर्षांची आहेत. दीड फूट खोदले की मुरूम लागतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळात ५५० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तरी पाऊस उघडल्यावर पंधरवड्यातच झाडे माना टाकू लागली. शेजारच्या गावात पाऊस तेवढाच झाला, पण काळ्या रानातील बाग हिरवीगार होती. मग आमच्या रानातले पाणी गेले कुठे? झाडाला ताशी आठ लिटरचे दोन ड्रिपर आहेत आणि वीज येईल तेव्हा ठिबक एकदम सहा तास चालवतो.

उत्तर : आपल्या प्रश्नात उत्तराचा निम्मा भाग आलेलाच आहे, कारण दीड फुटावर मुरूम लागतो ही गोष्ट पावसाच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाची आहे. बागेतील पाण्याचा ताळेबंद मांडताना जमेच्या बाजूला पाऊस आणि सिंचन एवढ्या दोनच गोष्टी येतात. खर्चाच्या बाजूला मात्र चार वाटा असतात : उतारावरून वाहून जाणारा अपधाव, मुळांच्या कक्षेखाली होणारा निचरा, उघड्या जमिनीवरून होणारे बाष्पीभवन आणि झाडांनी (व तणांनी) पानांवाटे सोडलेली वाफ. यातील झाडाच्या पानांवाटे जाणारे पाणीच फळ पोसते. बाकीच्या तीन वाटा आणि तण यांवर जेवढा लगाम बसेल तेवढे पाणी बागेच्या कामी येते.

हिशेबासाठी एक साधे माप ध्यानात ठेवावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. आता जमिनीची साठवण पाहू. जमीन पूर्ण भिजून जादा पाणी निथळून गेल्यावर वाफसा येतो तेव्हाचा ओलावा आणि झाड कायमचे कोमेजते तेव्हा जमिनीत उरलेला ओलावा, या दोहोंतील फरक एवढेच पाणी झाडाला उपलब्ध असते. खोल काळ्या जमिनीत मीटरभर खोलीमागे हा फरक साधारणपणे १५० ते २०० मिलिमीटर भरतो, तर हलक्या मुरमाड जमिनीत ८० ते १०० मिलिमीटर. आपल्याकडे मातीची खोली ४५ सेंटिमीटरच असल्यामुळे पूर्ण भरलेल्या रानातही उपलब्ध पाणी जास्तीत जास्त ४५ मिलिमीटर असते. एकाच पागोळीखाली एका बाजूला घागर आणि दुसऱ्या बाजूला रांजण ठेवावा, तसा आपल्या आणि शेजारच्या रानातला फरक आहे.

सप्टेंबरमधील एक रात्र उदाहरणादाखल घेऊ. पंधरा दिवसांच्या उघडिपीनंतर रानात १५ मिलिमीटर उपलब्ध ओलावा उरला आहे आणि त्या रात्री ७० मिलिमीटर पाऊस कोसळला असे धरू. त्यातले १५ मिलिमीटर उतारावरून वाहून गेले तर ५५ जमिनीत मुरतील. रानात जागा मात्र ३० मिलिमीटरचीच शिल्लक आहे, म्हणून उरलेले २५ मुरमात उतरतील. ते विहिरीला मिळतील, कदाचित खालच्या शेजाऱ्याच्या विहिरीला. पर्जन्यमापकाने ७० दाखवले आणि झाडाच्या वाट्याला ३० आले. याउलट जूनमधील तीन-चार मिलिमीटरच्या सरी नोंदवहीत जमा होतात, पण वरच्या दोन बोटे मातीतूनच दीड-दोन दिवसांत उडून जातात आणि मुळांपर्यंत त्यांचा थेंबही पोचत नाही. वर्षाच्या एकूण आकड्यात दोन्ही प्रकारचे पाऊस सारखेच मोजले जातात, म्हणून ५५० या आकड्यावरून बागेची स्थिती कळत नाही.

पाऊस थांबल्यानंतरचा हिशेब याहून कडक आहे. ४५ पैकी साधारण निम्मा ओलावा झाड सहज उचलते. त्यानंतर मुळांना ओढ लावावी लागते, पानांची छिद्रे मिटू लागतात आणि फळाची वाढ मंदावते. ऑक्टोबरच्या उन्हात बाग आणि तिच्यातले गवत मिळून दिवसाला तीन ते चार मिलिमीटर पाणी घेत असतील, तर हे सहज मिळणारे २२ मिलिमीटर आठवड्याभरात संपतात. पुढचा आठवडा झाडे ओढून नेतात आणि मग माना टाकतात. आपल्या पत्रातील पंधरवडा या हिशेबाशी जुळतो. ओळींमध्ये गवत उभे असेल तर प्रत्येक झाडाच्या साडेतेरा चौरस मीटर जागेतील सहाशे लिटर पाण्यात ते बरोबरीचे वाटेकरी असते, हेही विसरू नये. मुरूम भेगाळ आणि कुजलेला असेल तर डाळिंबाची काही मुळे त्यात शिरून थोडे पाणी मिळवतात, पण फळांनी लदलेल्या झाडाची भूक तेवढ्यावर भागत नाही.

ठिबकाच्या बाबतीतही पाणी याच वाटेने जात आहे. दोन ड्रिपर सहा तास चालले की झाडाला ९६ लिटर पाणी मिळते, असे आपण समजता. परंतु मुरमाड जमिनीत पाणी आडवे कमी पसरते आणि सरळ खाली उतरते. दोन ड्रिपरखाली मिळून जेमतेम एक चौरस मीटर जागा भिजते. त्या जागेतला ओलावा निम्म्यावर आला असेल तर तिथे आणखी २२-२३ लिटरच मावतील, बाकीचे ७० लिटरहून अधिक पाणी प्रत्येक वेळी मुरमाला जाते. माझा आग्रह असा आहे की दोन ड्रिपरऐवजी ताशी चार लिटरचे चार ड्रिपर झाडाच्या घेराच्या कडेला चारही बाजूंना बसवावेत, बागेचे व्हॉल्व्ह लावून चार भाग करावेत आणि त्याच सहा तासांच्या विजेत प्रत्येक भागाला दीड-दीड तास पाणी द्यावे. त्यातून झाडाला २४ लिटर मिळतील आणि ते सर्वच्या सर्व मुळांच्या कक्षेत राहतील. हे रोज किंवा एक दिवसाआड करता येईल, कारण पाणी आता निचऱ्यात जाणार नाही. पंपावर एका वेळी एकच भाग असल्याने दाब वाढतो, त्यासाठी बायपास (जादा पाणी बाजूला वळवणारी नळी) मात्र ठेवावा लागेल.

प्रश्न : जमिनीतला ओलावा मोजायला महागडी उपकरणे लागतात असे ऐकतो. आम्ही साध्या शेतकऱ्यांनी काय करावे? (माण, जि. सातारा)

उत्तर : एक लोखंडी पहार आणि एक गिरमिट एवढ्यावर बरेच काम होते. चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहार बागेत ठिकठिकाणी हाताच्या जोराने दाबून पाहावी. भिजलेल्या थरातून ती सरकत जाते आणि कोरडा थर लागताच अडते. किती खोलीवर अडली ते टेपने मोजावे. हलक्या रानात ५० मिलिमीटर पाऊस पडूनही पहार वीतभरच गेली असेल, तर पाणी मुरलेले नाही, वाहून गेले आहे, हे कोणत्याही आकडेमोडीशिवाय कळते. (पहार दगडावर अडली की ओलाव्याने, हे हाताला लगेच समजते. दगडावर ती खणकते.)

ओलावा उतरत असताना गिरमिटाने एक फूट आणि दोन फूट खोलीवरची माती काढून मुठीत दाबावी. काळ्या मातीचा घट्ट गोळा झाला, अंगठा व तर्जनीमध्ये दाबून तिची दोन इंच पट्टी निघाली आणि तळव्याला ओल लागली, तर वाफशाच्या जवळपासची स्थिती समजावी. गोळा होतो पण पट्टी लगेच तुटते आणि तळवा कोरडा राहतो, अशी माती आली की निम्मे उपलब्ध पाणी संपलेले असते, आणि फळ पोसणाऱ्या बागेला पाणी देण्याची ती वेळ असते. गोळाच होत नसेल तर उशीर झाला आहे. मुरमाड मातीची पट्टी कधीच निघत नाही. तिथे गोळा होऊन वीतभर उंच उडवल्यावर फुटतो की नाही, यावरून अंदाज घ्यावा. वाचन घेण्याची सवय असलेल्यांनी एक टेन्शिओमीटर (मुळांना पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते सेंटिबारमध्ये दाखवणारी नळी) एक फुटावर आणि दुसरा दोन फुटांवर बसवावा. मात्र हे उपकरण सुमारे ८० सेंटिबारपर्यंतच चालते, त्यापुढे नळीत हवा शिरते, म्हणून बहार धरण्यासाठी (एकदम फूल यावे म्हणून पाणी तोडून) बाग ताणावर असताना त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

याबरोबर एक स्वतःचा पर्जन्यमापक बागेत असावाच. महसूल मंडळाचे यंत्र आपल्या बांधापासून काही कोसांवर असते आणि दुष्काळी पट्ट्यातील पाऊस शिवाराशिवारात बदलतो.

प्रश्न : आमची मोसंबी अंबड तालुक्यात खोल काळ्या जमिनीत आहे, माती एक मीटरहून अधिक खोल आहे. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोऱ्यासाठी) १० डिसेंबरला पाणी तोडले आणि ४५ दिवस ताण दिला, तरी पाने पिवळी पडली नाहीत आणि फूल तुरळक निघाले. पाच किलोमीटरवरच्या नातेवाइकांनी हलक्या रानात ३० दिवसांत उत्तम ताण बसवला. यंदा ६० दिवस ताण द्यावा का? (जि. जालना)

उत्तर : दिवस मोजून ताण देण्याची पद्धत सोयीची आहे, पण झाडाला दिवस कळत नाहीत, त्याला मुळाशी असलेला ओलावा कळतो. आपल्या रानात पाणी तोडले त्या दिवशी मीटरभर खोलीत १८० मिलिमीटर उपलब्ध ओलावा होता असे धरू. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हवेची मागणी वर्षातील सर्वांत कमी असते आणि मोसंबीची बाग दिवसाला सुमारे दोन मिलिमीटर पाणी घेते. ४५ दिवसांत ९० मिलिमीटर गेले, म्हणजे निम्मेच संपले, आणि निम्म्यापर्यंत झाडाला कसलीच अडचण नसते. ताण सुरू होण्याच्या उंबरठ्यावर बाग आली तेव्हा आपण पाणी सोडले. नातेवाइकांच्या हलक्या रानात ४० मिलिमीटर साठवण असेल तर दहा-बारा दिवसांत ती निम्म्यावर आली आणि पुढचे वीस दिवस खरा ताण बसला. दोघांनीही नियम पाळला, फक्त दोघांच्या जमिनी वेगळ्या होत्या.

म्हणून दिवस वाढवण्याआधी ताणाला सुरुवात करताना जमिनीत किती पाणी आहे ते पाहावे. परतीचा पाऊस चांगला झाला असेल तर खोल काळ्या रानात ऑक्टोबरनंतरचे सिंचन, झाडावर मृग बहाराची (जून-जुलैतील फुलोऱ्याची) फळे नसतील तर, हळूहळू कमी करत आणावे, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला साठा आधीच उतरलेला असेल. ताणाच्या काळात बुंध्याभोवतीचे आच्छादन बाजूला करावे आणि बागेत हलकी वखरणी करून तण काढावे. वखरणी उथळच ठेवावी. मुळे तोडून ताण बसवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो मला धोक्याचा वाटतो, कारण तुटलेल्या मुळांतून बुरशी शिरते आणि पुढच्या उन्हाळ्यात हीच मुळे पाण्यासाठी लागतात. बागेच्या वरच्या अंगाला ऊस असेल किंवा पाट झिरपत असेल, तर खोल चर काढल्याशिवाय ताण बसणार नाही. बाहेरून येणारे हे पाणी ताळेबंदात जमेला धरायचे राहून जाते आणि मग सगळा हिशेब चुकतो.

ताण पुरेसा झाला हे ओळखण्याची खूण पानांवर असते. पाने निस्तेज होऊन पिवळसर पडतात आणि साधारण चौथा हिस्सा पाने गळतात, तेव्हा थांबावे. गिरमिटाने दोन फुटांवरची माती काढून गोळा होत नाही असे दिसले तर त्याला दुजोरा मिळतो. त्यापुढे ताण नेला तर बारीक फांद्या वाळतात (सल पडते), आणि आलेले फूल धरून ठेवण्याची ताकद झाडात राहत नाही. यंदा ६० दिवस असे आधीच ठरवू नये. परतीचा पाऊस कमी झाला तर ४० दिवसही पुरतील, डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला तर ६० दिवसांनीही ताण बसणार नाही, आणि अशा वर्षी हट्ट सोडून मृग बहाराचा विचार करणे शहाणपणाचे ठरते.

ताण तोडताना पहिले पाणी निम्म्या मात्रेने द्यावे, चार-पाच दिवसांनी दुसरे त्याहून थोडे वाढवावे आणि मग पूर्ण मात्रेवर यावे. भेगाळलेल्या काळ्या रानात पहिलेच पाणी भरपूर सोडले तर ते भेगांतून थेट खाली जाते, वरची माती कोरडी राहते आणि पाणी दिल्याचे समाधान तेवढे मिळते. आळे दुहेरी ठेवावे, म्हणजे पाणी खोडाला लागणार नाही. ओलाव्याचा हिशेब कितीही चोख असला तरी खोडाशी पाणी साचणाऱ्या मोसंबीला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा बुरशीजन्य रोग) गाठतोच.

प्रश्न : धारूरच्या डोंगरउतारावर सीताफळाची जुनी कोरडवाहू बाग आहे. चर खोदावेत, आच्छादन करावे की प्लॅस्टिक अंथरावे? मोसंबी-डाळिंबाकडे वळण्याचाही विचार आहे. (जि. बीड)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावर बाकीचे अवलंबून आहे. सीताफळ फेब्रुवारीपासून पाने गाळते, उन्हाळा जवळजवळ निष्पर्ण काढते, जूनच्या पावसावर फुटते, फुलते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये फळ देते. बोराचेही तसेच आहे, ते एप्रिल-मेमध्ये विश्रांती घेते आणि पावसाळी ओलाव्यावर वाढून थंडीत पिकते. ज्या महिन्यांत उथळ जमिनीत पाणी असते त्याच महिन्यांत या झाडांची मागणी असते, आणि ज्या महिन्यांत हवेची तहान दिवसाला दहा-बारा मिलिमीटरवर जाते त्या महिन्यांत त्यांच्या अंगावर पानच नसते. मोसंबी बारमाही हिरवी असते आणि आंबिया बहाराची फळे मे महिन्यात तिच्या अंगावर असतात. सिंचनाची खात्री नसलेल्या उतारावर मोसंबी लावणे म्हणजे दरवर्षी चार महिने टँकरची वाट पाहणे होय. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या किती बागा वाळल्या, हे आपल्या भागाने पाहिले आहे. सीताफळच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चर. जुन्या बागेत सलग समतल चर यंत्राने खोदताना मुळे तुटतात. त्याऐवजी प्रत्येक झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घालून वरून येणारे पाणी झाडाशी अडवावे. पाच बाय पाच मीटरवर लागवड असेल तर झाडामागे २५ चौरस मीटर जागा येते. त्यातील चार चौरस मीटरचे आळे सोडून उरलेल्या २१ चौरस मीटरवरून ४० मिलिमीटरच्या पावसाचा पाचवा हिस्सा वाहून आला, तर आळ्यात सुमारे १७० लिटर जादा पाणी येते, म्हणजे आळ्यापुरता ४२ मिलिमीटरचा आणखी एक पाऊस. पण हे पाणी मावण्यासाठी खाली माती हवी. आळ्यातली खोली फूटभरच असेल तर अडवलेले पाणी खाली निघून जाईल. म्हणून बांधाबरोबरच तलावातील गाळ आणि कुजलेले शेणखत आळ्यातील मातीत मिसळत जावे. गाळाचा नुसता जाड थर वर ओतून ठेवू नये. मुरमावर चिकट गाळ वेगळा थर धरतो आणि हलक्या पावसाचे पाणी तोच अडवून ठेवतो.

आच्छादनाला मुहूर्त महत्त्वाचा आहे. उघडी ओली जमीन पावसानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आठ-दहा मिलिमीटर पाणी झपाट्याने गमावते, मग वरचा थर सुकून वेग मंदावतो. आच्छादन हा पहिला झपाटा मोडते. मात्र कोरड्या भुशाचा वीतभर थर पावसाचे पहिले दोन-चार मिलिमीटर स्वतःच पिऊन टाकतो, म्हणून जूनच्या आधी तो अंथरण्यात अर्थ नाही. उत्तरा-हस्ताचा पाऊस पडून जमीन वाफशावर आली की सोयाबीनचे भूस, गवत किंवा तुरकाट्यांचा भुगा तीन-चार इंच जाडीने आळ्यात पसरावा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि वाळवीवर लक्ष ठेवावे. कोरडवाहू उतारावर प्लॅस्टिक अंथरण्याची मी शिफारस करणार नाही, कारण ते बाष्पीभवन रोखते तसे पावसालाही रोखते. ओळींमध्ये आच्छादनाला काही मिळत नसेल तर एक उथळ कोळपणी द्यावी. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणतात. भेगा बुजतात, तण मरते, आणि दोन्ही खर्च एकाच वेळी कमी होतात.

प्रश्न : डाळिंबाची फळे सप्टेंबरच्या पावसात तडकतात. बोरॉन आणि कॅल्शियमच्या फवारण्या केल्या, तरी फरक नाही. (सटाणा, जि. नाशिक)

उत्तर : तडकण्याचे मुख्य कारण ओलाव्यातील चढउतार हे आहे. ऑगस्टच्या उघडिपीत फळाची साल आखडते आणि तिची लवचीकता कमी होते. पाठोपाठ मोठा पाऊस झाला की दाणे एकदम फुगतात आणि साल त्यांना जागा देऊ शकत नाही. पाऊस चालू आहे म्हणून पावसाळ्यात ठिबक बंद ठेवले जाते, आणि चूक तिथे होते. जमिनीतील उपलब्ध ओलावा निम्म्याखाली जाणार नाही एवढे पाणी उघडिपीतही देत राहावे, हलक्या रानात आठवडाभर पाऊस नसेल तर नक्कीच. अन्नद्रव्यांची कमतरता माती आणि पान परीक्षणात दिसली तर फवारणी उपयोगी पडते, पण ओलावा खालीवर होत असताना तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

प्रश्न : जत तालुक्यात ३० बाय ३० बाय ३ मीटरचे अस्तरीकरण केलेले शेततळे आहे. जानेवारीअखेर ते पूर्ण भरलेले असते. एक हेक्टर डाळिंबावर आंबिया बहार धरायचा आहे. पाणी पुरेल का? (जि. सांगली)

उत्तर : पूर्ण बागेवर बहार धरला तर पुरणार नाही. हा निर्णय झाडांवर फूल येण्याआधी घ्यावा लागतो, म्हणून हिशेब सविस्तर देतो.

एकास एक उताराच्या या तळ्यात काठोकाठ सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. १ फेब्रुवारी ते जूनच्या मध्यापर्यंत १३५ दिवस काढायचे आहेत. या काळात बाष्पीभवन पात्रातील (रोज किती पाणी उडते ते मोजण्याच्या उघड्या भांड्यातील) नोंद दिवसाला सरासरी नऊ मिलिमीटर धरली आणि मोठ्या जलाशयासाठी ०.७ ने गुणले, तर तळ्यातून दिवसाला सव्वासहा मिलिमीटर पाणी उडते. एकूण सुमारे ८५ सेंटिमीटर पातळी यानेच उतरते. पाण्याचा पृष्ठभाग उतरत्या पातळीबरोबर लहान होत जातो हे धरूनही सहा लाख लिटर हवेत जातात. उरले सोळा लाख, आणि त्यातही तळाचा गाळ धरावा लागेल.

झाडाची मागणी काढताना पात्रातील बाष्पीभवन, ०.७ हा पात्र गुणांक, झाडाच्या अवस्थेनुसार पीक गुणांक (त्या अवस्थेत झाड किती प्रमाणात पाणी घेते तो आकडा) आणि झाडाच्या घेराखालचे क्षेत्र यांचा गुणाकार करावा आणि ठिबकाची कार्यक्षमता ९० टक्के धरून त्याला ०.९ ने भागावे. एप्रिलमध्ये दहा मिलिमीटर बाष्पीभवन, ०.८ पीक गुणांक आणि सहा चौरस मीटर घेर धरल्यास दिवसाला सुमारे ३७ लिटर येतात. फेब्रुवारीत मागणी याहून बरीच कमी असते, म्हणून संपूर्ण काळाची सरासरी ३० लिटर घेऊ. हेक्टरी ७४० झाडांना १३५ दिवसांत ३० लाख लिटर लागतील. हाती आहेत सोळा लाख.

दोन मार्ग उरतात. अर्ध्या हेक्टरवर, म्हणजे सुमारे ३७० झाडांवर बहार धरला तर पंधरा लाख लिटर लागतात. त्यात तळ्याचे सगळे पाणी संपते, आणि उरलेल्या अर्ध्या बागेसाठी काहीच राहत नाही. म्हणून बहार २५० झाडांवरच धरावा असा माझा सल्ला आहे. त्यांना दहा लाख लिटर लागतील. बाकीच्या ४९० झाडांची हलकी छाटणी करून, फूल निघाले तर ते काढून टाकून, त्यांना फक्त जगण्यापुरते रोज सरासरी आठ लिटर द्यावे, म्हणजे सव्वापाच लाख लिटरमध्ये ती जून गाठतील. सगळ्या बागेला थोडे थोडे पाणी वाटण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून सर्वच झाडांवर लहान, उन्हाने चट्टे पडलेली फळे येतात आणि मेमध्ये झाडे वाचवायलाही पाणी उरत नाही.

फळे नसलेल्या झाडांवर मार्चच्या शेवटी आठ टक्के केओलिनची (पांढऱ्या चिकणमातीच्या भुकटीची) फवारणी करावी. पांढऱ्या थरामुळे पानाचे तापमान आणि पाणी सोडण्याचा वेग कमी होतो. तळ्यावर शेडनेट किंवा तरंगते आच्छादन करणे परवडत असेल तर ते मार्चच्या आधी व्हावे, कारण उडणाऱ्या सहा लाखांपैकी बहुतेक पाणी मार्च ते मे या तीन महिन्यांत उडते.

तळ्याच्या उतारावर तळापासून उंचीच्या खुणा रंगवून घ्याव्यात आणि दर पंधरा दिवसांनी पातळीची नोंद वहीत ठेवावी. १ एप्रिलला तळ्यात दहा लाख लिटरहून कमी पाणी दिसले, तर बहार धरलेल्या २५० झाडांपैकी सर्वांत उथळ मातीवरच्या झाडांची फळे त्याच आठवड्यात उतरवून ती झाडे आठ लिटरवर आणावीत.